एडविनभाऊंच्या नकाराची नोंद

एडविनभाऊ भिंगारदिवे आमचे शेजारी. सावेडीतल्या नवजीवन कॉलनीत त्यांचा बंगला अकरा नंबरचा आणि आमचा बारा. मधली भिंत छातीएवढी, त्यामुळे अकरात काय शिजतं ते बाराला आणि बारात काय करपलं ते अकराला कळतंच. भाऊंनी एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी भल्याभल्यांना रांगेत उभं केलं. घरात मात्र चहात साखर कमी पडली तर मागायचे नाहीत. तसाच पिऊन कप खाली ठेवताना जरा आवाज करायचे. त्या आवाजावरून दीनाताईंनी ओळखायचं, अशी त्यांची अपेक्षा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दीनाताई अजून तो आवाज ऐकत नाहीत.

यंदा दोघं सहा महिने लेकीकडे, एंजेलाकडे, अमेरिकेत जाऊन आले. तिचं दुसरं बाळंतपण होतं. शिकागोपासून तासाभरावरचं ते एक उपनगर. त्याचं नाव भाऊंना अगदी तिकडच्यासारखं घेता येतं, मला येत नाही. गाव कसं आहे विचारलं तर भाऊ म्हणाले, "स्वच्छ आहे, शांत आहे, हिरवंगार आहे. पण आठ हजार घरं आणि बस एक नाही!" ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्याला गाडीच नसलेल्या गावात ठेवलं तर त्याने करायचं काय? दीनाताईंना तिथे मेथीचे लाडू होते, शेक-शेगडी होती, बाळ होतं. भाऊंना नऊ वर्षांची नात जास्मिन होती आणि तिने त्यांना लवकरच ओळखलं होतं. आजोबांना मोटार चालवता येत नाही. भांडी धुण्याचं यंत्र लावता येत नाही. दारात आलेल्या पोस्टमनला ते 'सलाम' करतात आणि तो घाबरतो.

एके दिवशी जास्मिन त्यांना गावातल्या वाचनालयात घेऊन गेली. तिथे भिंतीवर एक मोठा फलक होता: या गावात राहून गेलेली नामवंत माणसं. एकूण अकरा. भाऊंनी सगळी माहिती डायरीत उतरवून आणली होती, ती मी वाचली आहे. एक बेसबॉल खेळाडू, तो दोन वर्षं भाड्याने राहिला. एक बाई, त्या कुत्र्यांच्या स्पर्धेत परीक्षक. टीव्हीवर हवामान सांगणारे एक गृहस्थ. एक खासदार, ते चार महिन्यांचे असतानाच आईबापांनी गाव सोडलं. आणि एक चक्क बँक लुटणारा, शंभर वर्षांपूर्वीचा. त्याचा फोटो सगळ्यांत मोठा.

भाऊ ते वाचत असताना जास्मिनने विचारलं, "आजोबा, तुमचं पण नाव असं आहे? तुमच्या गावात?"

आता इथे कोणीही 'नाही गं बाळा' म्हणालं असतं. पण सहा महिन्यांत त्या पोरीने आजोबांना काहीएक येत असलेलं पाहिलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "आहे की. मोठी पाटी आहे."

झालं. जास्मिनने शाळेत सांगितलं. बाई म्हणाल्या, फारच छान, सप्टेंबरात 'माझं कुटुंब' या विषयावर बोलायचंय, तेव्हा त्या पाटीचा फोटो आण.

हे सगळं भाऊंनी दीनाताईंना सांगितलं ते परतीच्या विमानात, पट्टा बांधलेला असताना, म्हणजे त्या उठून जाऊ शकणार नाहीत अशा वेळी. दीनाताई मला भिंतीवरून म्हणाल्या, "सविता, मी ह्यांना स्पष्ट म्हटलं, एक तर पोरीला खरं सांगा, नाही तर पाटी लावा. ह्यांना पाटी सोपी वाटली!"

त्यामुळे नवजीवन कॉलनीतली ती प्रसिद्ध पाटी का लागली, याचं खरं कारण जुलै महिन्यापासून फक्त तिघांना माहीत होतं. बाकीच्या एकतीस बंगल्यांना वाटत होतं, की भाऊ अमेरिकेहून एक नवा विचार घेऊन आलेत.

विचार कॉलनीला फार आवडला. अध्यक्ष रंगनाथ कराळे म्हणाले, "आपल्याकडं काय नामवंतांची कमी हाय का?" ज्या शेतावर आज आमची कॉलनी उभी आहे, ते शेत कराळ्यांचं. ते विकून, प्लॉट पाडून ते सावेडीकर झाले. काळा ग्रॅनाइट बसवायचा, फाटकाजवळच्या बागेत, आणि अनावरण प्रभागाच्या माजी नगरसेवकांच्या हस्ते करायचं, असं ठरलं. निवडणूक कधीही लागेल म्हणून माजी नगरसेवक हल्ली बारशालासुद्धा येतात.

नियम भाऊंनीच केले. कोणी स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, दुसऱ्या घराने सुचवायचं. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगणं भाऊंना असभ्य वाटतं. सेक्रेटरी बिभीषण गर्जे यांनी त्यात एक पोटनियम घातला, की ज्याचं नाव सुचवलं त्याची संमती सभेत विचारून इतिवृत्तात नोंदवायची. गर्जे पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून होते. त्यांच्या लेखी जे वहीत लिहिलं ते घडलं, बाकी सगळ्या अफवा.

पहिली सभा ऑगस्टातल्या एका रविवारी, दुपारी बाराला. कॉलनीतली निम्मी घरं ख्रिस्ती, त्यांची उपासना अकराला सुटते म्हणून ही वेळ. पण रविवारी दुपारी बाराला उरलेल्या निम्म्या घरांतही मटणच शिजत असतं. बागेत खुर्च्या मांडून बसलं तरी चहूबाजूंनी मसाल्याचा वास येत होता आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष आपापल्या कुकरकडे होतं.

पहिलं नाव अध्यक्षांचंच आलं. सतरा नंबरच्या ओहोळ सरांनी सुचवलं, "रंगनाथ कराळे, प्रगतशील शेतकरी."

कराळे दोन्ही हात हलवत म्हणाले, "नको, नको! मी कसला नामवंत? मला यातनं सोडा."

"असं कसं? तुम्ही नाही तर कोण?"

"नको हो. चांगली चांगली मानसं हायेत."

"अध्यक्ष, आता मान राखाच आमचा!"

"बरं. तुमी म्हनताय तर."

गर्जे पेन उचलून थांबलेले होते. 'बरं' ऐकल्यावर त्यांनी लिहिलं: संमती. मग कराळ्यांनी ओहोळ सरांचं नाव सुचवलं, आदर्श शिक्षक म्हणून. ओहोळ सरांनी तेच 'नको नको' केलं, कराळ्यांनी त्यांना तसाच आग्रह केला. जेवायला वाढताना आपण करतो तसाच हा प्रकार. पहिलं 'नको' पाटावर बसल्याचं, दुसरं रीत म्हणून, आणि तिसऱ्याला पानात पडतंच. नावं अशी भराभर पडत गेली. गर्जे स्वतः 'जलतज्ज्ञ' झाले. एक नायब तहसीलदार आठ महिने भाड्याने राहून पाण्याच्या त्रासाने सोडून गेले होते, त्यांनाही घेतलं, कारण अमेरिकेतला बेसबॉलवाला चालतो तर हे का नाही. एकाचा मिसळीचा व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला होता, तो 'कलावंत'. कराळ्यांच्या आई रंगुबाई शहाऐंशीच्या, म्हणून 'ज्येष्ठ मार्गदर्शक'.

रंगुबाई म्हणाल्या, "मी कुनाला मार्ग दावला? मलाच हात धरून न्यावं लागतंय." तरी त्यांनाही तीनदा आग्रह झाला आणि त्यांनीही 'बरं' म्हटलं.

भाऊंचं नाव मी सुचवायचं, हे माझं आणि दीनाताईंचं आधीच ठरलेलं होतं. माझा नंबर आला तेव्हा पाऊण वाजून गेला होता. मी उभी राहून म्हटलं, "एडविनभाऊ भिंगारदिवे. ज्यांच्यामुळे ही पाटी होतेय."

दोन-तीन टाळ्या पडल्या. भाऊंचे कान लाल झाले. ते हात जोडून म्हणाले, "छे छे, माझं नको. मी कल्पना मांडली, तेवढं पुरे."

आणि त्याच क्षणी सतरा नंबरातून कुकरची शिट्टी झाली. मग एकवीसमधून. कोणीतरी म्हणालं, "आमचा तर गॅस चालूच राहिलाय!" आणि खुर्च्या सरकल्या. 'असं कसं भाऊ' म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण गर्जे 'नको' ऐकून लिहायला लागलेही होते. त्यांनी मोठ्याने वाचलं, "श्री. एडविन भिंगारदिवे यांनी नम्रपणे नकार दिला. नोंद घेण्यात आली. सभा संपली."

भाऊ जोडलेल्या हातांनी तसेच उभे. एखाद्याने ताटावर हात आडवा धरावा आणि वाढपी खरंच पुढे निघून जावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

त्या दिवशी अकरा नंबरात मटणावर कोणाचं मन नव्हतं. चार वाजता दीनाताई भिंतीशी आल्या. "तुला दुसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं गं?"

"अहो ताई, माणसं उठली, पेन चाललं..."

"सगळ्या कॉलनीला तीन-तीनदा विचारलं. मिसळवाल्याला चारदा! ह्यांना एकदा. आणि आज सकाळीच एंजेलाचा फोन, की जास्मिनची तारीख ठरली. पोरीने वर्गात सांगून ठेवलंय, माझ्या आजोबांचं नाव दगडावर आहे म्हणून."

मी गर्जेंकडे गेले. त्यांनी वही उघडून दाखवली. म्हणाले, "वहिनी, माझं वैयक्तिक मत काय, साहेबांचं नाव पाहिजेच. पण नकार नोंदला गेलाय. आता यादी कायम करायच्या सभेत फेरविचाराचा विषय घ्यावा लागेल. ते स्वतः नकार मागे घेत असतील तर माझी ना नाही."

म्हणजे अजून एक संधी होती. पुढच्या रविवारपर्यंत अकरा नंबरात रोज तालीम चालली. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"भिंगारदिवे साहेब, तुमची संमती आहे का?" हा दीनाताईंचा आवाज, गर्जेंच्या चालीत.

"बरं."

"अजून मोठ्याने."

"बरं!"

"बास. एवढाच शब्द. पुढे-मागे काही लावायचं नाही. हात जोडायचे नाहीत. हात जोडले की तुम्ही घसरता."

पुढच्या सभेत मी विषय मांडला. या वेळी मी मुद्दाम सकाळीच सगळ्या घरांत सांगून आले होते, की गॅस बंद करून या. भाऊ हात मांडीखाली दाबून बसले होते. सगळं नीट चाललं होतं. आता गर्जेंनी नुसतं 'संमती आहे का' विचारलं असतं तर आज हे लिहायला मी बसलेच नसते. पण गर्जेंनी चष्मा नाकावर घेतला आणि वहीतून वाचून विचारलं, "श्री. भिंगारदिवे, दिनांक दहा रोजी आपण दिलेला नकार आपण आता मागे घेऊन, आपले नाव समाविष्ट करावे अशी मागणी करीत आहात काय?"

मागणी! ज्या माणसाने साखर मागितली नाही, त्याला चाळीस माणसांत मागणी करायला सांगितली.

भाऊंचे हात मांडीखालून निसटले, जुळले, आणि तोंडातून आलं, "अहो, मागणी कसली? राहू द्या ना. सभेचा वेळ कशाला..."

"नकार कायम," गर्जे म्हणाले आणि लिहिलं. दीनाताईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत की हसतायत ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसावं. मी या वेळी दोनदा म्हटलं, "असं कसं भाऊ!" पण कराळे म्हणाले, "ताई, दोनदा न्हाई म्हनाले ते. मोठा मानूस हाय. त्यांच्या मोठेपनाचा मान ठेवू." आणि भाऊंच्या त्यागाबद्दल अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

पाटी कोरायचं काम सहादेवला दिलं. सहादेव एरवी थडगी कोरतो. हात सुबक, पण सवय जात नाही. त्याने प्रत्येक घरी जाऊन नावाबरोबर जन्मतारीख विचारली आणि प्रत्येक तारखेपुढे एक छोटी रेघ ओढून जागा सोडली. रंगुबाईंना लेकाने ती रेघ वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "जित्तेपनी दगड लावला तो लावला, वर जागा बी धरून ठिवली व्हय!" रेघा मग घासून काढायला लागल्या.

अनावरण सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहाला. पाच वाजल्यापासून रंगुबाई पाटीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांचं नाव कुठे आहे ते लेकाने दाखवून ठेवलं होतं: उजवी बाजू, वरून तिसरी ओळ. पाटीवर भगव्या-हिरव्या-पांढऱ्या, सगळ्या पक्षांना चालेल अशा कापडाचा पडदा होता. सहादेव शेवटच्या ओळीत सोनेरी रंग भरून, हत्यारं गोळा करत होता. माजी नगरसेवक येतोच म्हणाले होते, म्हणजे सातपर्यंत काही नाही.

सहाला पाच कमी असताना दीनाताईंचा मोबाईल वाजला. एंजेला होती. तिकडे सकाळ, आणि तासाभरात त्यांना चर्चला निघायचं होतं. "मम्मी, जास्मिनला पाटी दाखवा ना पटकन. फोटो तिला आजच लावायचाय."

दीनाताईंनी फोन भाऊंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बोलला होतात तिच्याशी. तुम्हीच दाखवा."

भाऊ पाटीपाशी गेले. पडद्याचं एक टोक उचललं. काळा चकचकीत दगड, सोनेरी अक्षरं. फोनमधून जास्मिनचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "वॉव! आजोबा, तुमचं कुठलं?"

मी तिथून दहा पावलांवर होते. भाऊ काय विचार करतायत ते मला त्यांच्या पाठीवरूनही दिसलं. पोरीला मराठी वाचता येत नाही. चाळीस नावं आहेत. कुठल्याही एकावर बोट ठेवलं की संपलं. कोणाचं काही जाणार नव्हतं.

भाऊंचं बोट हळूहळू वर गेलं आणि एका नावावर टेकलं. उजवी बाजू, वरून तिसरी ओळ.

"ओ भाऊ!" रंगुबाई खुर्चीतून ओरडल्या. "ते माजं हाय! माज्यावरनं बोट काडा!"

सगळी बाग वळून बघायला लागली. भाऊंनी विस्तवाला लागल्यासारखं बोट मागे घेतलं. फोनमध्ये जास्मिन विचारत होती, "काय झालं? ती आजी काय म्हणते?"

भाऊ फोन तोंडासमोर धरून म्हणाले, "जास्मिन बाळा, ते माझं नाव नाहीये. माझं नाव यावर नाहीच."

"पण तुम्ही म्हणाले आहे."

"खोटं म्हणालो होतो. तेव्हा तर पाटीच नव्हती. नंतर लावली. मग मला विचारलं, तुमचं नाव घालू का, तर मी नको म्हणालो. दोनदा."

"नको का म्हणाले? तुम्हाला नव्हतं पाहिजे?"

"पाहिजे होतं."

"मग 'हो' का नाही म्हणाले?"

बागेतले चाळीस नामवंत एकमेकांकडे बघायला लागले. ओहोळ सर पुढे झाले. म्हणाले, "बेटा, आपल्याकडे असं असतं, की आधी 'नको' म्हणायचं, म्हणजे 'हो' असतं." जास्मिन म्हणाली, "मग खरं 'नको' असेल तर काय म्हणायचं?" सर म्हणाले, "तेव्हाही 'नको'च." आणि मागे सरकले. मिसळवाला म्हणाला, "समोरच्याने ओळखायचं असतं." जास्मिनने विचारलं, "कसं?" तोही मागे सरकला. कराळे तर आधीपासूनच झाडाकडे बघत होते.

तेवढ्यात गर्जे वही काखेत घेऊन पुढे आले. मला वाटलं, आता हा माणूस तिसरा नकार लिहिणार. गर्जेंनी घसा साफ केला. "भिंगारदिवे साहेब, 'पाहिजे होतं' हे आपण सर्व सभासदांसमक्ष बोललात. गणपूर्ती आहे. नोंद घेऊ का?"

दीनाताईंनी पुढे होऊन भाऊंचे दोन्ही हात, फोनसकट, धरून ठेवले. जुळू दिले नाहीत.

"घ्या," भाऊ म्हणाले. मग जरा मोठ्याने, "घ्या. मला पाहिजे."

गर्जेंनी उभ्या-उभ्या लिहिलं. ते लिहिताना त्यांचं तोंड मी पहिल्यांदा इतकं उजळलेलं पाहिलं. सहादेवने पिशवी पुन्हा सोडली. दगडाच्या खालच्या कोपऱ्यात, 'सौजन्य : नवजीवन कॉलनी' या ओळीच्या वर, वीतभर जागा होती. त्याने यंत्राची पिन जोडली आणि विचारलं, "नावाच्या पुढं काय लिहू? सगळ्यांना काही ना काही हाय."

सूचनांचा पाऊस पडला. समाजसेवक लिहा. परिवहनतज्ज्ञ लिहा. गर्जे म्हणाले, कल्पनेचे जनक लिहा. भाऊंनी जागा बघितली, फोनमधल्या नातीकडे बघितलं. "खोटं काही नको. राहतो मी इथे. रहिवासी लिही."

सहादेव कामाला लागला. यंत्र घरघरायला लागलं, पांढरी धूळ उडू लागली आणि त्याच घटकेला माजी नगरसेवकांची गाडी फाटकात शिरली, आमच्या अंदाजाच्या अर्धा तास आधी. त्यांना पुढे अजून तीन कार्यक्रम होते. कराळ्यांनी धावत जाऊन घाईघाईने पडदा सोडला, तो सहादेवसकट. हार झाले, नारळ झाले. माजी नगरसेवकांनी पाणी, रस्ते आणि विकास यांवर भाषण केलं, पण पडद्याआडून यंत्र चालूच असल्यामुळे कोणाला एक शब्द ऐकू आला नाही. टाळ्या मात्र प्रत्येक वेळी जोरदार पडल्या.

मग त्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. समोर चाळीस सोनेरी नावं, आणि खाली उकिडवा बसलेला, भुवयांपर्यंत पिठाने माखल्यासारखा सहादेव. तो मान वर न करता म्हणाला, "दोन अक्षरं राह्यलीत, साहेब. जरा सरका, उजेड येऊ द्या."

माजी नगरसेवक सरकले.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. त्यात मधोमध सहादेव आहे, माजी नगरसेवकांचा एक खांदा आहे आणि भाऊंचं नाव सहादेवच्या कोपराआड निम्मं दिसतं. जास्मिनने वर्गात तोच फोटो लावला. एंजेलाने सांगितलं, की मुलांनी सगळ्यात जास्त प्रश्न सहादेवबद्दल विचारले आणि जास्मिनने सगळ्यांची उत्तरं खरी दिली. आजोबा आधी खोटं बोलले, हेसुद्धा. बाईंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

भाऊंना हे ऐकून कसं वाटलं ते मी विचारलं नाही. काल सकाळी त्यांच्याकडे चहाला गेले होते, तेव्हा दीनाताईंनी मला शंकरपाळे पुढे केले. मी सवयीने म्हणाले, "नको नको." भाऊंनी वाटी उचलली आणि सरळ स्वतःपुढे ओढून घेतली.